संगणकातला हेर आणि आपणच दिलेली किल्ली

जयपुरात घरचा संगणक मंदावला की तो एम. आय. रोडवरच्या जयंती मार्केटमध्ये जातो, नाहीतर तिथला कुणी मुलगा घरी येतो. तो विंडोज नव्याने टाकतो, ऑफिस टाकतो, दुकानाचा हिशेब घरी होत असेल तर टॅलीही टाकतो. ‘सब डाल दिया है, अंकल,’ म्हणतो, पाचशे रुपये घेतो आणि निघतो. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरातही हेच चालतं, फक्त तिथे अंकलचे काका होतात. पाचशे रुपयांत विंडोजचा परवाना येत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं आणि आपण ते विचारत नाही.

घरगुती संगणकातल्या स्पायवेअरविषयी बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. परदेशातला कुणी हॅकर खास आपल्या घरावर डोळा ठेवून बसला आहे, असं सहसा नसतं. बहुतेक वेळा आपण किंवा आपल्या भरवशाच्या माणसानेच किल्ली कुणाच्या तरी हातात ठेवलेली असते. फुकटचं सॉफ्टवेअर चालावं म्हणून डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, बंद केलेला असतो, रिटर्न भरायच्या घाईत अकाउंटंटला दिलेला, दुरून संगणक चालवू देणाऱ्या एनीडेस्कचा पासवर्ड तसाच राहिलेला असतो, किंवा कुठल्याशा साइटने विचारलं म्हणून ‘अलाउ’ दाबलेलं असतं. त्यामुळे नुसता स्कॅन करून भागत नाही. कुणाला काय परवानगी दिली होती ते शोधायचं आणि ती काढून घ्यायची, हे मुख्य काम.

मात्र त्याआधी संगणकात खरंच हेर आहे का, ते पाहू. हेर असल्याचा भास तीन प्रकारांनी होतो. उजव्या कोपऱ्यात दर दहा मिनिटांनी ‘तुमचा अँटिव्हायरस संपला’, ‘पाच व्हायरस सापडले’ अशा पाट्या येऊ लागल्या की घरात घबराट होते. यातल्या पुष्कळशा पाट्या म्हणजे ब्राउझरची नोटिफिकेशन्स असतात. फुकट सिनेमा किंवा क्रिकेटचा सामना दाखवणाऱ्या साइटने कधीतरी परवानगी मागितलेली असते आणि आपण ती दिलेली असते. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी समोर येईल. ओळखीचं नाव नसेल ते काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे, आणि अनेक घरांचा ‘व्हायरस’ एवढ्यानेच जातो.

दुसरा प्रकार जयपूरच्या जास्त जवळचा. संगणक ‘साफ’ आणि ‘वेगवान’ करून देणारी सॉफ्टवेअरं हा या शहरातला जुना धंदा आहे. सिस्टवीक ही कंपनी १९९९ पासून इथे आहे आणि तिची सॉफ्टवेअरं जगभर गेली आहेत. मालवेअरबाइट्स या अमेरिकी कंपनीने त्यांतल्या काहींना ‘बहुधा नको असलेले प्रोग्रॅम’ या वर्गात टाकलं आहे. त्याचा अर्थ ती हेरगिरी करतात असा होत नाही, हे आवर्जून सांगायला हवं. हा वर्ग म्हणजे एक सूचना असते: हे तुम्ही जाणूनबुजून घेतलंत की दुसऱ्या कशाबरोबर आलं, ते बघा. माझ्यापुरतं मत विचाराल तर रजिस्ट्री साफ करणाऱ्या कुठल्याच कंपनीच्या प्रोग्रॅमची घरच्या संगणकाला गरज नसते. रजिस्ट्री क्लीनर वापरायला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. फुकट तपासणी करून शेकडो ‘दोष’ लाल अक्षरांत दाखवायचे आणि दुरुस्तीचे पैसे मागायचे, अशा भीती घालणाऱ्या प्रोग्रॅमना १ मार्च २०१८ पासून विंडोजचा डिफेंडर स्वतःहून ‘नकोसे’ ठरवू लागला. युक्ती तशी जुनीच आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २००५ मध्येच ‘स्पायवेअर असॅसिन’ नावाच्या प्रोग्रॅमवर कारवाई केली होती. स्वच्छ संगणकातही स्पायवेअर सापडल्याचं सांगून तो विकला जात होता.

तिसरा प्रकार सर्वांत घातक. पडदाभर निळी किंवा लाल चौकट येते, भोंगा वाजतो, मायक्रोसॉफ्टचं चिन्ह दिसतं आणि खाली फोन नंबर. त्या नंबरवर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केपचं बटण दाबून धरा. नाही जमलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा आणि पुन्हा उघडताना ‘रिस्टोअर’ला नकार द्या. त्या पाटीमागे व्हायरस नसतो, माणूस असतो. तो गोड बोलून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला लावतो आणि खरी घुसखोरी तिथून सुरू होते. अशी बनावट कॉल सेंटरं देशात अनेक शहरांत सापडली आहेत. जयपूर पोलिसांनीही इथे वेळोवेळी छापे घातले आहेत. सीबीआयने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन चक्र-२’ राबवलं, तेव्हा त्यामागे मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्याही तक्रारी होत्या. सप्टेंबर २०२४ मधल्या ‘चक्र-३’मध्ये पुण्यातही छापे पडले. या केंद्रांचे बळी बहुधा अमेरिकेतले वयस्कर लोक असतात. मुलाकडे न्यूजर्सीला सहा महिने राहायला गेलेल्या आजी-आजोबांनाही हे सांगून ठेवा. ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ म्हणणारा माणूस त्यांच्याच गावातून बोलत असू शकतो.

हे तिन्ही प्रकार वगळल्यावर खरी लक्षणं उरतात. डिफेंडर आपोआप बंद होतो आणि चालू केला तरी पुन्हा बंद पडतो. ब्राउझरचं पहिलं पान बदलतं आणि पूर्ववत होत नाही. आपण न पाठवलेले मेल लोकांना जातात. गुगलकडून अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झाल्याचा इशारा येतो. किंवा आपण काहीही करत नसताना माउसचा बाण हलतो. असं काही दिसलं तर इंटरनेट ताबडतोब तोडा. वायफाय बंद करा, केबल असेल तर उपसा. हेराने गोळा केलेला माल बाहेर जातो तो याच वाटेने.

आता फोन हातात घ्या. पासवर्ड बदलायचे ते फोनवरून, त्या संगणकावरून नव्हे; तिथे टाकलेला नवा पासवर्डही हेराला दिसेल. पहिला नंबर ईमेलचा, कारण बाकी बहुतेक पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. मग नेटबँकिंग, मग आयकर आणि जीएसटीचं पोर्टल. दुहेरी पडताळणी चालू करा. गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात ‘तुमची उपकरणं’ पाहा आणि त्या संगणकाला बाहेर काढा. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये संगणकावरचं व्हॉट्सॲप वेब दिसेल, तेही लॉगआउट करा. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंगला कुणाचा अनोळखी पत्ता जोडलेला नाही ना, तेही बघून घ्या. तिथे कोणी सहसा जात नाही आणि मेल मात्र महिनोन्‌महिने दुसरीकडे जात राहतात.

सगळीकडून लॉगआउट करण्यावर एवढा भर का? आजचे हेर नुसती बटणं टिपत बसत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि ‘कुकीज’ ते एका झटक्यात उचलतात. कुकी म्हणजे आपण आधीच लॉगिन केलं आहे याचा पुरावा. ती ज्याच्या हाती लागली त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही नाही. ल्युमा नावाचा असाच एक चोर गेल्या काही वर्षांत फार पसरला. १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरातले ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणक त्याने गाठल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आणि त्याच मे महिन्यात त्याची यंत्रणा मोडून काढली. असे चोर काम उरकून स्वतःला पुसूनही टाकतात. त्यामुळे स्कॅनमध्ये काही सापडलं नाही म्हणजे काही चोरीला गेलं नाही, असं समजू नका. या टोळ्यांची अलीकडची आवडती चाल: ‘मी रोबो नाही’ची खोटी चौकट. ती विंडोजचं बटण आणि आर दाबायला सांगते, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. त्या तीन दाबांत आपण स्वतःच्या हाताने चोराची आज्ञा संगणकाला देतो. खरी कॅप्चा असलं काही कधी सांगत नाही. दहावी-बारावीतल्या मुलांना हे एकदा करून दाखवा, म्हणजे कुठे थांबायचं ते कळेल. गेमच्या फुकट ‘मॉड’च्या शोधात तीच अशा पानांवर पोचतात.

पासवर्डांचं झालं की संगणकाकडे वळा. सगळे थेट स्कॅनचं बटण दाबतात. त्याआधी एक यादी उघडायची असते, आणि ती जवळजवळ कुणीच उघडत नाही. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधा. आत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’. त्याखाली सेटिंग्जच्या ओळीत ‘मॅनेज सेटिंग्ज’. तिथून खाली या, तळाजवळ ‘एक्सक्लूजन्स’ दिसेल. ‘ॲड ऑर रिमूव्ह एक्सक्लूजन्स’ दाबा. ज्या फाइली आणि फोल्डर तपासू नयेत असं डिफेंडरला सांगून ठेवलं आहे, त्यांची ही यादी.

जयपूरच्या मालवीय नगरातल्या एका मराठी घरी ही यादी उघडली तेव्हा तिच्यात तीन ओळी होत्या. पहिली डाउनलोड्सच्या फोल्डरची. दुसरी विंडोजला परवाना असल्याचं खोटंच भासवणाऱ्या ॲक्टिव्हेटरची. तिसऱ्या ओळीत फक्त सी, अपूर्णविराम आणि तिरपी रेघ होती, म्हणजे अख्खा सी ड्राइव्ह. घरातल्या काकू दर रविवारी नेमाने स्कॅन करत होत्या आणि दर रविवारी ‘नो थ्रेट्स’ वाचून निश्चिंत होत होत्या. ‘भैयाने केलं असेल, त्याला सगळं येतं,’ त्या दुकानातल्या मुलाविषयी म्हणाल्या. भैयाने केलं होतं हे खरं, आणि त्यात त्याचा हेतू वाईट नव्हता. चोरटी विंडोज चालू ठेवायला ॲक्टिव्हेटर लागतो. डिफेंडर त्याला धोकादायक समजून उडवतो. दर महिन्याला गिऱ्हाइकाची तक्रार नको म्हणून दुकानदार डिफेंडरला तिकडे बघूच नको असं सांगतो. पण त्या वाटेने मग कुणीही येतं. शिवाय ॲक्टिव्हेटरच्या नावाखाली जे नेटवर मिळतं, त्यातच पुष्कळदा हेर बसवलेला असतो.

यादीतल्या ओळींवर एकेक करून ‘रिमूव्ह’ दाबा. मग ‘मॅनेज सेटिंग्ज’च्या पानावर परत येऊन ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ आणि ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ चालू करा. हे बदल टिकत नसतील, किंवा ‘तुमच्या संस्थेने ही सेटिंग्ज ठरवली आहेत’ असं घरच्या संगणकावर दिसत असेल, तर आजार खोलवर आहे असं समजा आणि पुढचं सगळं सोडून विंडोज नव्याने टाकायच्या तयारीला लागा.

बदल टिकले तर आता स्कॅन. स्कॅन ऑप्शन्समध्ये सर्वांत खालचा पर्याय निवडा, ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज उठायच्या आत साधारण पंधरा मिनिटांत तपासणी उरकतो. हेर स्वतः जागा होण्याआधीच हे होतं, त्यामुळे लपायची त्याची विद्या चालत नाही. निकाल ‘प्रोटेक्शन हिस्ट्री’त मिळतो. त्यानंतर इंटरनेट जोडून अपडेट घ्या आणि एकदा ‘फुल स्कॅन’ लावा. जुन्या हार्ड डिस्कवर त्याला काही तास लागतात; रात्री लावून झोपा.

दुसरं मत घ्यावं. पण दोन अँटिव्हायरस एकाच वेळी कायमचे ठेवू नयेत, ते एकमेकांच्या पायात येतात. एकदाच चालवायची साधनं घ्या. मायक्रोसॉफ्टचा ‘सेफ्टी स्कॅनर’ फुकट आहे आणि उतरवल्यापासून दहा दिवसच चालतो, त्यामुळे दर वेळी ताजा घ्यावा लागतो. मालवेअरबाइट्सचा ‘ॲडवक्लीनर’ जाहिरातींचा कचरा चांगला काढतो. सरकारनेही सोय केली आहे, पण ती फारशी कुणाला माहीत नाही. २१ फेब्रुवारी २०१७ ला सुरू झालेलं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेतर्फे चालतं आणि सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन या पत्त्यावर संगणक साफ करायची साधनं फुकट देतं. त्यांत क्विक हीलचंही साधन आहे. ही कंपनी मूळ आपल्याकडची. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने भरलेले दिसू लागले, तेव्हा धाकट्या भावाने, संजय काटकरांनी, त्यावर उतारा लिहायला घेतला. क्विक हील त्यातून उभं राहिलं.

स्कॅन झाला तरी काम संपलेलं नसतं. रिमोटची साधनं स्कॅनमध्ये सहसा सापडत नाहीत, कारण ती अधिकृत सॉफ्टवेअरं आहेत. सेटिंग्जमधली ॲप्सची यादी तारखेनुसार लावा आणि एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर, क्रोम रिमोट डेस्कटॉप यांतलं काय आहे ते पाहा. एनीडेस्कला कायमचा पासवर्ड लावून ठेवला असेल, तर घरी कुणी नसतानाही बाहेरचा माणूस आत येऊ शकतो. काढून टाका. अकाउंटंटला पुढच्या वेळी लागेल तेव्हा पुन्हा टाका, तो बसलेला असताना समोर बसा आणि काम झालं की काढा. त्याला थोडा राग येईल, येऊ द्या.

त्याच यादीत, त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेली अनोळखी नावं शोधा. मग टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप ॲप्स’. तिथे निर्मात्याच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नसेल तर संशय घ्या, पण लगेच उडवू नका. आधी ‘डिसेबल’ करा आणि फाइल कुठे आहे ते बघा. ती फाइल व्हायरसटोटल या साइटवर टाकली तर अनेक अँटिव्हायरसांचं मत एकदम कळतं. स्वतःची खाजगी कागदपत्रं मात्र तिथे टाकू नका. त्या साइटवर टाकलेलं इतरांच्याही हाती जाऊ शकतं. शेवटी ब्राउझरची एक्सटेन्शन्स. कूपन शोधणारी, पीडीएफ करणारी, व्हिडिओ उतरवणारी, आठवणीत नसलेली सगळी काढा. ‘सगळ्या साइट्सवरचा मजकूर वाचण्याची’ परवानगी ज्याला आहे, त्याला बँकेचं पानही वाचता येतं.

पैसे गेले असतील तर हे काही करत बसू नका. आधी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. जितका लवकर जाईल तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येते आणि जयपुरात सायबर गुन्ह्यांचं वेगळं पोलीस ठाणंही आहे. तक्रार करायची असेल तर संगणक पुसू नका. पडद्याचे फोटो काढा आणि संगणक बंद करून बाजूला ठेवा.

हेर घरातलाच असण्याची एक अवघड शक्यता उरते. कॅबिनेटच्या मागे वाकून बघा. कीबोर्डची तार आणि यूएसबीचं भोक यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढं काही खोचलेलं असेल तर तो कीलॉगर, म्हणजे दाबलेलं प्रत्येक बटण टिपणारं यंत्र, असू शकतो. तो कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाही. मालकाच्या परवानगीवाचून, अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने संगणकात शिरणं किंवा त्यातली माहिती काढणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्यावर नजर ठेवणारा माणूस रागीट असेल, तर ती वस्तू उपटण्याआधी विश्वासातल्या कुणाशी बोला, तेही त्या संगणकावरून नव्हे.

विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली, तर सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’, ‘रिकव्हरी’, ‘रिसेट धिस पीसी’ असं जा. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि ‘क्लाउड डाउनलोड’ निवडा. चार जीबीच्या आसपास डेटा लागेल. आधी फोटो, कागदपत्रं आणि टॅलीच्या डेटाचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या. प्रोग्रॅमच्या फाइली घेऊ नका. ती डिस्क नव्या विंडोजला जोडल्यावर काहीही उघडण्याआधी स्कॅन करा. नव्या विंडोजवर रोजच्या वापराला साधं खातं बनवा, ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं वेगळं ठेवा आणि त्याचा पासवर्ड मुलांना सांगू नका.

संगणकात अजून विंडोज १० असेल, तर तिचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी एक वर्षाची वाढीव सोय ठेवली आहे, पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या यंत्रावर लिनक्स मिंट टाकायला हरकत नाही. ब्राउझर चालतो, लिबरऑफिस फुकट असून मराठीतही आहे. फक्त टॅली तिथे सरळ चालत नाही.

आणि पुन्हा जयंती मार्केटला जाल, तेव्हा दुकानदाराला सुरुवातीलाच सांगा की क्रॅक नको. विंडोज ॲक्टिव्हेट झाली नाही तरी चालेल. कोपऱ्यात पाटी दिसते, सेटिंग्जमधून वॉलपेपर बदलता येत नाही, पण डिफेंडर काम करत राहतो. परवाना विकत घेईपर्यंत तेवढं सोसा. परवाना घेतलाच तर पक्कं बिल मागा आणि पैसे देण्याआधी त्याच्या समोरच एक्सक्लूजन्सची यादी उघडा. ती रिकामी असायला हवी.